लोण्याच्या रंगाचं विमान

हात लावण्याआधीच सांगून ठेवतो, मी लाकडाचा नाही. बघणारे हमखास फसतात, म्हणून हे बोलतोय. मी एक वीतभर लांबीचं प्लॅस्टिकचं विमान आहे, पहिल्या महायुद्धातल्या लाकडी विमानाची नक्कल. माझा जन्म पुठ्ठ्याच्या खोक्यात झाला, तोही करड्या तुकड्यांच्या रूपात.

मला जोडलं फोल्कमारनं. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातल्या आमच्या गावात त्यानं तीस वर्षं बस चालवली. निवृत्त झाल्यावर तो दिवसभर बायकोच्या पायात पायात येऊ लागला, तेव्हा तिनंच त्याला अग्निशमन दलाच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या, विमानांची छोटी मॉडेलं जोडणाऱ्यांच्या मंडळात पिटाळलं. तिथे तो प्लॅस्टिकचं लाकूड करण्यात पटाईत झाला.

माझ्यावर त्यानं जीव ओतला तो खालच्या मजल्यावरच्या लिंडनरबाईंसाठी. बाई शहाऐंशी वर्षांच्या. त्यांचे वडील मिसरूड फुटण्याच्या वयात गावाजवळच्या कारखान्यात प्लायवूडचे तक्ते चिकटवायचे. माझ्यासारखी विमानं तिथे बनायची. युद्ध हरल्यावर ती सगळी जाळून टाकली. मागे राहिली ती वडिलांनी उरलेल्या प्लायवूडमधून केलेली शिवणाची पेटी. बाईंची नजर आता झपाट्यानं उणी होत होती आणि डॉक्टरांनी हिवाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. त्याआधी बाबांनी केलेलं विमान एकदा बघायचंय, एवढंच त्यांचं मागणं होतं. रंगाचा नमुना म्हणून त्यांनी पेटीचं झाकण काढून फोल्कमारच्या हाती दिलं.

झालं, फोल्कमारला दुसरं काही सुचेना. त्यानं आधी मला फिकट रंग दिला. मग एकेका तक्त्याभोवती चिकटपट्टी लावून त्यावर तपकिरी तैलरंग पुसला आणि केस विस्कटलेल्या जुन्या ब्रशनं तो अलगद ओढला. ब्रश जितका कामातून गेलेला, तितक्या लाकडाच्या रेषा खऱ्या उमटतात. पण एका तक्त्याची रेष शेजारच्या तक्त्यावर गेली, की सोंग उघडं पडलंच. शिवाय तैलरंग वाळायला पाच-पाच दिवस घेतो, तिथे घाई चालत नाही. तीन महिन्यांनी मी हुबेहूब त्या झाकणाच्या रंगाचा झालो, कडक चहासारखा तपकिरी. मंडळातला डेटलेफ म्हणाला, "विमान केलंयस की माझ्या सासूचं कपाट?" फोल्कमार हसला नाही. मला मात्र स्वतःचा फार अभिमान वाटला.

मंडळाचं वार्षिक प्रदर्शन शनिवारी होतं. त्याआधीच्या रविवारी फोल्कमार मला घेऊन बाईंकडे कॉफीला गेला. बाईंनी प्लमचा केक केला होता. त्यांना नजरेच्या मधोमध काही दिसत नसे, म्हणून मान वळवून, डोळ्याच्या कडेनं त्या मला कितीतरी वेळ न्याहाळत राहिल्या. सुरेख झालंय म्हणाल्या, आणि मला टेबलावर परत सरकवलं.

काय खटकलं, असं फोल्कमारनं विचारलं, तेव्हा त्या चाचरत बोलल्या. वडील म्हणायचे, नवी विमानं रांगेत उभी राहिली की लोण्यासारखी दिसायची. "मी दहा-बारा वर्षांची असेन. ही पेटी त्यांच्यापुढे आपटली आणि म्हटलं, बाबा, थापा मारू नका, ही बघा तपकिरी आहे. सगळे हसले. त्यानंतर त्यांनी विमानांचं नाव काढलं नाही."

फोल्कमार समजुतीनं म्हणाला, जुन्या आठवणी अशाच उजळतात, लाकूड काही खोटं बोलत नाही. बाईंनी मान डोलावली. तरी पेटी आणून त्यांनी सुया, रिळं, बटणं टेबलावर ओतली आणि तळाला चिकटवलेला जुना कागद नखानं सोलायला घेतला. फोल्कमारनं मदत केली. कागद निघाला. त्याच्याखालच्या लाकडाला इतक्या वर्षांत ना उजेड लागला होता ना हात. ते फिकट पिवळं होतं, ताज्या लोण्यासारखं.

कॉफी निवून गेली. मला माझ्या अंगावरच्या त्या सुंदर तपकिरी रंगाची पहिल्यांदाच लाज वाटली. फोल्कमारनं मला जुनं लाकूड केलं होतं, विमान केलंच नव्हतं.

तो उठला आणि म्हणाला, सगळं पुसून नव्यानं रंगवतो.

"सगळं नको," बाई म्हणाल्या. "हा रंग मी जन्मभर बघितलाय. एकच बाजू बाबांची करा."

त्यानं त्याच संध्याकाळी माझी उजवी बाजू पुसून लोण्याच्या रंगात रंगवली. शुक्रवारी ती जेमतेम वाळली. प्रदर्शनात परीक्षकांनी मला इकडून तिकडून फिरवलं आणि कागदावर लिहिलं, "दोन्ही बाजूंचे रंग जुळत नाहीत. काम अर्धवट." बक्षीस डेटलेफला मिळालं. तो मुद्दाम फोल्कमारला सांगायला आला, "तुझ्या जागी मी असतो तर कपाट तरी पूर्ण केलं असतं." फोल्कमारनं त्याला एक बिअर पाजली, कारण मात्र सांगितलं नाही.

रविवारी मी पुन्हा खालच्या मजल्यावर आलो. बाईंनी मला खिडकीपाशी, उजवी बाजू उजेडात येईल असं धरलं आणि मान वळवली. गडद बाजू त्यांना धड दिसत नव्हती. फिकट बाजू दिसली.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तुमचं खरं होतं." आणि मला छातीशी धरून लहान मुलीसारख्या रडल्या.

आता डिसेंबर आहे. बाईंना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी त्यांच्या खिडकीशेजारच्या फळीवर असतो. येता-जाता त्या माझ्यावरून बोट फिरवतात. बोटाला मी नुसता गुळगुळीत लागतो, लाकडाची एक रेष त्यांना सापडत नाही. तरी त्या फिरवतात.

कधीतरी हे घर रिकामं होईल आणि मी कुणा हौशी माणसाच्या हाती पडेन. तो मला उलटसुलट करून बघेल, ब्रश काढेल. बाबा रे, तू तोच असशील, तर एक विनंती आहे. मला पूर्ण करू नकोस.