सराव खोलीतला आबा आणि टेलरताई

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकात उभा असतो तसला नव्हे, बरं का! त्या पुतळ्यांच्या गळ्यात हार पडतात, माझ्या दंडात इंजेक्शनं. एका नर्सिंग कॉलेजच्या सराव खोलीत, खिडकीलगतच्या कॉटवर मी पडून असतो आणि नवशिके विद्यार्थी माझ्यावर हात बसवून घेतात. सगळे मला आबा म्हणतात.

माझा जन्म कारखान्यात, साच्यातून झाला. इथे आलो तेव्हा काय थाट होता माझा! गुळगुळीत रबरी कातडी, हवे तसे वळणारे सांधे, काळ्याभोर रंगवलेल्या भुवया. पहिल्या वर्षाच्या मुलींनी माझं तोंड साबणाने धुऊन धुऊन त्या भुवया दोन वर्षांत घालवल्या. उजव्या दंडाला तर इतकी भोकं पडली आहेत, की अंग पुसायला घेतलं की तिथून पाणी पाझरतं. पण माझी तक्रार नाही. ज्याला दुखतच नाही अशा माझ्यासमोर सुई धरताना घामाघूम झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्याच मुली पुढे मला एका दमात कुशीवर वळवतात, आणि तोंडाने गप्पा चालूच! हे कसं घडतं ते मला अजून कळलेलं नाही. दर वर्षी बघतो आणि दर वर्षी थक्क होतो.

आमच्या मोठ्या सिस्टर, म्हणजे ही खोली सांभाळणाऱ्या शिक्षिका, फार कडक. त्यांचा एक नियम आहे. मला हात लावण्याआधी कॉटभोवतीचा पडदा ओढायचा आणि विचारायचं, "आबा, हात धरू का?" विसरलं की दाराबाहेर जाऊन पुन्हा आत यायचं. एका पठ्ठ्याने एका सकाळी अशा सात फेऱ्या मारल्या होत्या. मला मात्र वाटायचं, हा सिस्टरांचा उगाच हट्ट आहे. रबराच्या माणसाला कसलं आलंय विचारणं!

पुढे माझी सद्दी संपली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक नवं कॉलेज निघालं आणि तिथे यंत्राचा पुतळा आला. तो म्हणे श्वास घेतो, कण्हतो, 'छातीत दुखतंय' असंही म्हणतो. झालं! आमच्याकडे कॉलेज बघायला येणारे लोक मला पाहून नाक मुरडू लागले. "अरेरे, हे काय!" असं माझ्या तोंडावर म्हणायचे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

अशातच एका बुधवारी एक आई आणि तिची सतरा वर्षांची मुलगी खोलीत आल्या. मोठ्या सिस्टर मुलीला म्हणाल्या, "ये बाळ, परीक्षेत किती पडले?"

"मी नाही हो," मुलगी खुदकन हसली. "प्रवेश आईला घ्यायचाय!"

सिस्टरांनी जीभ चावली. आई एक्केचाळीस वर्षांची होती, आणि सतरा वर्षं तिचं शिवणाचं दुकान होतं. आमच्या कॉलेजला जोडलेल्या हॉस्पिटलातल्या नर्सचे गणवेश तीच शिवायची, म्हणून सिस्टरांनी तिला तिथल्या तिथे 'टेलरताई' करून टाकलं. लग्नाआधी घेतलेली एक पदवी तिच्याकडे होती. त्या पदवीमुळे नव्या कॉलेजात तिला दोन वर्षांत नर्सिंगची पदवी मिळणार होती. आमच्याकडे पुरी चार वर्षं. प्रवेश दोन्हीकडे मिळाला होता, आणि शनिवारी पाचच्या आत एकीकडे 'हो' कळवायचं होतं.

"यात ठरवण्यासारखं आहेच काय?" मुलगी वहीत डोकं घालून म्हणाली. तिने दोन्ही कॉलेजांची माहिती समोरासमोर लिहून काढली होती. "तिकडे त्रेचाळिसाव्या वर्षी नर्स, इकडे पंचेचाळिसाव्या. इकडे आलीस तर मी तुझ्याआधी नोकरीला लागेन, आई!"

टेलरताई हसली नाही. माझ्या कॉटच्या कठड्याला धरून ती सिस्टरांना म्हणाली, "सिस्टर, तुमच्या गणवेशांवरूनच मला तुमचं काम कळायचं. गुडघ्यापाशी कापड विरतं, उजवा खिसा आधी उसवतो. वाटायचं, एवढं काय करतात या बाया? मग माझे सासरे आजारी पडले. लोकांच्या अंगाला हात लावणं हा माझा रोजचा धंदा. पण त्यांना कुशीवर वळवायची वेळ आली आणि माझे हात पुढे जाईनात. त्यांना लागेल, त्यांना लाज वाटेल, हेच डोक्यात. मी आपली भिंतीला टेकून उभी. मग एक नर्स आली, त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली आणि चादरीला धरून अलगद वळवलं त्यांना. आठ दिवसांत पहिल्यांदा ते शांत झोपले. तेव्हापासून मला ते काम शिकायचंय. पण दुकान बंद करून आले आणि हात पुन्हा तसेच थिजले तर?"

तर हा पेच होता, मित्रांनो. दोन वर्षं की चार, हे नुसतं वरवरचं. आपल्या हातांना हे जमेल का, हेच तिला ठाऊक नव्हतं.

"बोलून काय होणार?" सिस्टर म्हणाल्या. "आबांना वळवून दाखवा."

तिला आमचा नियम कुठून माहीत असणार! तरी ती माझ्याजवळ आली, थबकली आणि म्हणाली, "आबा, हात लावू का?" माप घेण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायची तिची रीतच होती. सिस्टर चकित झाल्या. मी तर त्याहून.

त्या दिवशी माझा डावा हात कापडाच्या झोळीत बांधलेला होता. तो मोकळा करायला तिने झोळीच्या दोन सेफ्टी पिना काढल्या आणि, काय सांगू तुम्हाला, न मिटताच ओठांत धरल्या! शिवताना टाचण्या धरतात ना, तशा. आणि तशीच माझ्या तोंडावर वाकली.

"थांबा!" मोठ्या सिस्टर कडाडल्या. "आधी त्या पिना काढा तोंडातून! एखादी निसटली तर पेशंटच्या डोळ्यात जाईल."

टेलरताईचा चेहरा उतरला. तिने पिना टेबलावर ठेवल्या. मग माझ्या खांद्याखाली हात घातला खरा, पण तो तिथेच थिजला आणि तिला मला काही वळवता आलं नाही. "जाऊ दे, सिस्टर," टेलरताई म्हणाली. "सतरा वर्षांची खोड आहे. आता काय सुटणार!"

मला वाटलं, सिस्टर आता तिला चुचकारतील, आमच्या कॉलेजचे गोडवे गातील. छे! त्यांनी खुर्ची ओढली आणि सरळ सांगितलं, "कधी सुटेल ते मी सांगू शकत नाही. कुणाची महिन्यात सुटते, कुणाला वर्ष लागतं. नवं कॉलेज चांगलंच आहे, माझीच एक विद्यार्थिनी शिकवते तिथे. ज्याला आपल्या हातांची खात्री आहे त्याने खुशाल दोन वर्षांत नर्स व्हावं. तिकडे पहिलं वर्ष यंत्रावर, मग वॉर्ड. इकडे सहाव्या आठवड्यापासून वॉर्ड, आणि चुकलं की पुन्हा आबांकडे. तुमचं तुम्ही ठरवा. पण उद्या सकाळी सातला वॉर्डात या. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं."

शनिवारी दुपारी तीनला दोघी परत आल्या. माझा जीव टांगणीला लागला होता. म्हणजे, असता तर लागला असता!

"काय पाहिलंत?" सिस्टरांनी विचारलं.

"एक म्हातारे गृहस्थ होते," टेलरताई सांगू लागली. "तुमची दुसऱ्या वर्षाची मुलगी गेली, पडदा ओढला आणि म्हणाली, 'आजोबा, कुशीवर वळवू का?' ते म्हणाले, 'नको.'"

"मग?" मुलीने विचारलं.

"मग ती थांबली गं. स्टूल घेऊन शेजारी बसली. पाचेक मिनिटांनी त्यांनीच सांगितलं, 'हा पाय फार दुखतो, तो आधी धर.' तिने आधी पाय धरला, मग वळवलं. वीसेक वर्षांची पोर, सिस्टर! मी बघतच राहिले."

मित्रांनो, मी सुन्न झालो. एवढी वर्षं मला विचारत आले आणि मी गप्प पडून राहिलो. त्या प्रश्नाला 'नको' असं उत्तर येऊ शकतं, आणि ते आलं की थांबायचं असतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ती मुलगी माझ्याच कॉटशी तो प्रश्न शिकली होती. माझ्या भोकं पडलेल्या अंगाचा असा उपयोग होत असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रबराच्या माणसाला रडता येत नाही, नाहीतर त्या दुपारी मी रडलो असतो.

"मला अजून भीती वाटतेय," टेलरताई म्हणाली. "आणि घाई करून ती जायची नाही. जिथे माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतील, तिथेच मला शिकायचंय. मी इकडे येते, सिस्टर."

"चार वर्षं, आई!" मुलीने वही मिटली. "आणि मी खरंच तुझ्याआधी कमवायला लागले तर?"

"तर मग रोज सकाळी माझा डबा तू करायचास."

सिस्टर तोंडावर रुमाल धरून हसल्या. टेलरताईने तिथूनच नव्या कॉलेजला फोन केला, त्यांचे आभार मानले आणि तिथली जागा सोडली. घड्याळात पावणेचार वाजले होते.

कॉलेज सुरू झालं आणि पाच आठवडे ती माझ्याशी झटली. पिना आणखी चारदा ओठांत गेल्या आणि चारदा सिस्टर कडाडल्या. मग एका सोमवारी ती वॉर्डात गेली. दुपारी परत आली ती थेट माझ्याकडे, आणि पदर नसलेल्या गणवेशाच्या बाहीने डोळे पुसू लागली. "आबा, हात थरथरत होते हो," ती म्हणाली. "आजीबाईंना दिसलं ते. म्हणाल्या, 'सावकाश कर, बाई. मला कुठे गाडी पकडायचीय!' आणि वळवलं मी त्यांना. वळवलं!"

मित्रांनो, आत्मकथा सांगणारे सगळे पुतळे शेवटी काहीतरी मागतात, तसं मीही मागतो. मला नव्या भुवया नकोत. मला अडगळीत टाकलंत तरी चालेल. पण कधी तुम्ही किंवा तुमचं माणूस आजारी पडलं, आणि एखादी नवी, कदाचित वयाने मोठी विद्यार्थिनी थरथरत्या हातांनी उशाशी आली, तर तिच्यावर खेकसू नका. तिला दोन मिनिटं जास्त द्या. माझ्यावर तिने शंभरदा सराव केलेला असतो. पण मी फार तर तिला दारापर्यंत आणून सोडतो, नर्स ती तुमच्याजवळ होते.