डिरेसरची बरगडी

आमच्या धन्याला जनावर लाथ मारत न्हाय, असं सगळा तालुका म्हणायचा. तेर गावच्या ढोरांच्या दवाखान्यात ते डिरेसर होते. डिरेसर म्हणजे काय, तर डॉक्टरसाब खुर्चीत बसून हुकूम सोडणार आन् हे बैलाला दोरात घेऊन पाडणार, बांबूच्या नळीनं त्याच्या घशात औषध ओतणार, किडं पडलेल्या जखमा धुणार. नवऱ्याचं नाव म्या घेत न्हाय, पण बाकीचे घ्यायचेच की. "गुंडप्पाचा हात लागला की वळू बी गप!" हे ऐकून ऐकून धन्याच्या मिशा वर चढल्या होत्या. अठरा वर्षं नोकरी झाली, एक लाथ न्हाय, एक शिंग न्हाय.

म्या म्हणायची, "व्हय, जनावरं लई इज्जत करत्यात. घरी जे माघारी येतं त्याची गत म्या बघते." संध्याकाळी आले की अंगाला फिनेलचा वास, तळहातावर दोराचे वळ. पण तोंडातनं एकदा 'आई गं' निघंल तर शपथ! बैलाच्या खुरात काटा रुतला तर ह्यांच्या डोळ्यात पाणी. स्वतःच्या टाचंत अख्खी बाभळ घुसली तरी, "काय न्हाय गं, काय न्हाय."

लढाईचं साल होतं, रॉकेल मिळत नव्हतं, तवाची गोष्ट. दर सोमवारी न्हाताना म्या त्यांची पाठ चोळते, लग्नापासनं. त्या सोमवारी ते म्हणले, "आज नको." म्या तांब्या खाली ठेवला. इतक्या वर्षांत पाठीला कदी नको म्हणले नव्हते. भाकरीला म्हणले होते, माझ्या माहेराला तर किती येळा म्हणले होते, पण पाठीला न्हाय.

आता त्यांचीच शिकवण सांगते. जेवताना तोंडात घास असला तरी मला शिकवायचे. मुक्या जनावराला कुठं दुखतं ते इचारता येत न्हाय. मानंपासनं हात फिरवत यायचं, आन् कातडी जिथं थरकंल तिथं थांबायचं. तसाच म्या ऊन पाण्याचा हात मानंपासनं खाली आणला. डाव्या बरगडीवर कातडी थरकली.

"दुखतंय का?"

"न्हाय."

जरा दाबलं.

"न्हाय म्हणलं ना!" पण नाकातनं असा श्वास सोडला की चुलीतली राख उडावी.

फिरवलं त्यांना उजेडाकडं. बरगडीवर काळानिळा वळ. बैलाचं खूर मधी फाटलेलं, त्याचा वळ दोन फाकींचा उठतो. घोड्याचं खूर ताटलीएवढं. हा वळ गोल, आन् आमटीच्या वाटीएवढा. डिरेसरच्या घरात एवढी वर्षं काढल्यावर एवढं बी कळंना व्हय?

"गाढव?" म्या म्हणलं.

धनी भिताडाकडं तोंड करून बसले.

मग हळूहळू निघालं सगळं. शनवारी दुपारी सगळे जेवायला गेलेले. कोंडाबाई, आमच्या गावची कुंभारीण, नवरा न्हाय बिचारीला, ती गाढव घेऊन आली. माती वाहून वाहून गाढवाची पाठ सोललेली. हे एकटेच होते. गाढवच तर हाय, म्हणून ना पाय बांधला ना दोर घातला. पाठीला औषध लागलं आन् गाढवानं मागचा डावा पाय झाडला. ज्या माणसापुढं देवणी जातीचे दांडगे वळू मान खाली घालायचे तो माणूस शेणाच्या ढिगात उताणा! उठून पहिलं काम काय केलं, तर कोंडाबाईला गोरोबाकाकाची शपथ घातली. कुणाला सांगायचं न्हाय. कुंभाराच्या बाईला गोरोबाकाकाची शपथ म्हणजे तोंडाला कुलूपच की.

"पण लागलं न्हाय गं," म्हणले. "नुसतं चाटून गेलं."

म्या हसले. खोटं कशाला सांगू, पार चुलीपुढं बसून पोट धरून हसले. तेवढ्यात ते खोकले. खोकताना त्यांनी जो खांब धरला, आन् तोंड जसं पांढरं पडलं, ते बघून माझं हसू जागीच थांबलं.

"चला धाराशिवला. माणसांच्या दवाखान्यात."

"तिथं रजिस्टरात लिवत्यात, कशानं लागलं. काय सांगू? तिथला कंपौंडर आपल्या येडशीच्या पाहुण्यातला हाय. दिवस मावळायच्या आत सगळ्या तालुक्याला कळंल."

"कळू द्या की!"

"तुला न्हाय समजायचं," म्हणले, आन् पटका बांधून निघाले बैल पाडायला. तुमीच सांगा, असल्या माणसाला काय म्हणावं? बरगडी मोडली तरी चालंल, पण गाढवाचं नाव नको!

दोन दिवस म्या बघितलं. उताणं निजवंना, कुशीवर निजवंना, भिताडाला टेकून बसायचे. बुधवारी म्या डोक्यावरनं पदर घेतला आन् थेट डॉक्टरसाबापुढं जाऊन उभी राहिले. साब हैदराबादचे, बोलणं सगळं उर्दू, पण माणूस भला.

"साब, आमच्या घरच्या जनावराला बरगडीला लागलंय."

"कौनसा जानवर?"

"दोन पायाचं."

साबांनी चष्मा वर केला. माझ्याकडं बघितलं, मग खिडकीतनं अंगणात बघितलं. तिथं धनी एका हातानं दोर ओढत होते, दुसरा हात कोपरापासनं बरगडीला चिकटलेला.

"म्या ढोरांचा डॉक्टर हाय, बाई," ते आपल्या मोडक्या मराठीत म्हणले. "माणसाला हात लावायचा मला हुकूम न्हाय. पण बरगडी मोडली असंल आन् ये ऐसाच बैल गिराता रहा, तर हाड फुप्फुसात घुसंल. फिर धाराशिव क्या, हैदराबाद भी काम का न्हाय. त्याला घेऊन जा."

भ्याले म्या. हा माणूस मिशीपायी मरणार, आन् वर लोक म्हणणार, काय शूर होता!

पण म्या बी डिरेसरची बायको. आमच्या धन्यानं एक कायदा काढला होता. आजारी बैलाला साब चिठ्ठी द्यायचे, इतके दिवस औताला जुंपू नका. चिठ्ठी उर्दूत, शेतकऱ्याला वाचता येईना, मग चारच दिवसांत बैल परत शेतात. म्हणून हे त्या बैलाच्या शिंगाला लाल चिंधी बांधायचे. चिंधी असंतोवर त्या बैलाला कुणी कामाला लावलं की हे त्याच्या दारात जाऊन अशी आरडाओरड करायचे की शेजारी कौलावर चढून बघायचे. चिंधीला सगळी पंचक्रोशी भ्यायची.

साबांकडनं म्या पंधरा दिवसांची चिठ्ठी लिहून घेतली. आन् घरी आल्यावर धन्याच्या पटक्याला लाल चिंधी बांधली, गाठ मारून, दातानं आवळून.

"हे काय गं?"

"कायदा."

काढायला गेले, तर बरगडीनं डावा हात वर जाऊ दिला न्हाय, आन् एका हातानं गाठ सुटंना.

मग काय इचारता! दुसऱ्या दिवशी पाण्याची बादली उचलायला वाकले, तर शेजारचा बंडप्पा धावला, "डिरेसरसाब, चिंधी हाय!" दवाखान्यात दोराला हात लावला, तर बैलाचा मालकच म्हणला, "माझ्या बैलाच्या येळंला माझी आई काढली होती तुमी. बसा तिकडं." व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं त्यांना. चिडून लाल झाले होते, पण कायदा त्यांचाच, बोलणार काय?

मात्र धाराशिवचं नाव काढलं की तेच. "नुसती लचक हाय." आन् गावानं आपल्या मनानंच ठरवून टाकलं की हे वाड्यावरल्या आण्णासाहेबांच्या वळूचं काम. एवढ्या मोठ्या माणसाला दुसरं कोण मारणार? गावात म्हणू लागले, वळूनं शिंगावर घेऊन दहा हात फेकला. दुसरा म्हणायचा, वीस हात. आण्णासाहेबांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी गड्याच्या हाती तुपाचा गडवा पाठवला. धन्यानं गप घेतला! म्या म्हणलं, "बिनपापाच्या वळूचं तूप खाताय, पचंल का?" म्हणले, "वाढ जरा भाकरीवर."

शुक्रवारी दुपारी म्या त्यांचं ताक घेऊन दवाखान्यात गेले, तर अंगणात कोंडाबाई. संगं गाढव. गाढवाच्या पाठीकडं बघवत नव्हतं. शनवारचं औषध अर्धवट राहिलेलं, जखमेत किडं पडलेलं, माश्या घोंघावत होत्या. बिचारी सहा दिवस आली न्हाय. कारण आली की लोक इचारणार, आधी कुणी बघितलं, मग काय झालं. आन् शपथ तर गळ्यात. शेवटी गाढवानं चारा सोडला तवा आली. त्याच्याबिगर तिची माती कोण वाहणार होतं?

अंगणात पंधरावीस माणसं होती. आण्णासाहेबांचा गडी बी होता. धनी बाकावर, म्हणून डॉक्टरसाबांनी कंपौंडरला पुढं घातलं. आमचा महांतप्पा कंपौंडर, गोरा, गुबगुबीत, जल्म बाटल्या हलवण्यात गेलेला. जनावराला हात लावायचा म्हणजे त्याला घाम फुटायचा. औषधाची बाटली छातीशी धरून तो गाढवाच्या मागच्या अंगाला गेला. बरोबर तिथंच, डाव्या पायाच्या मागं.

"कोंडाबाई," तो म्हणला, "मारतं का गं हे?"

कोंडाबाईनं तोंड उघडलं आन् मिटलं. माझ्याकडं बघितलं. धन्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यातनं घळाघळा पाणी यायला लागलं, पण शबुद निघंना.

"अगं, सांग की! मारतं का?"

ती पदराचा बोळा तोंडात घालून उभी. महांतप्पाला वाटलं, गाढवासाठी रडती बिचारी. तो म्हणला, "बरं, बरं, रडू नको," आन् वाकला. गाढवाचे कान मागं गेले.

"महांतप्पा, मागं हो!"

धन्याचा आवाज असा फुटला की व्हरांड्यातली कबुतरं उडाली. महांतप्पा बाटलीसकट मागं उडाला, आन् गाढवाचा पाय जिथं त्याचं पोट होतं तिथनं सण्णकन गेला.

सगळे धन्याकडं बघाय लागले. धनी बाकाला धरून बसलेले, कपाळावर घाम. मला वाटलं, आता काय तरी थाप मारतील. एक क्षण मारणारच होते, तोंडावर दिसलं मला. मग महांतप्पाच्या पोटाकडं बघितलं त्यांनी.

"त्याचा डावा पाय लई वाईट हाय," ते म्हणले. "माझी बरगडी त्यानंच मोडली. शनवारी. वळू न्हाय, बिळू न्हाय. ह्या गाढवानं. कोंडाबाई, शपथ सुटली तुझी, पुस डोळे."

मग आण्णासाहेबांचा गडी फसकन हसला, आन् मग जो हशा उठला तो पार नदीपर्यंत गेला असंल. धनी बी हसले. हसताना बरगडी धरली, "आई गं" म्हणले, आन् परत हसले.

पण खरी गंमत पुढंच. हसणं ओसरलं तसं महांतप्पानं बाटली खाली ठेवली आन् हळूच पायताण काढलं. अंगठा काळा, नख न्हाय, बोट वाकडं. "दिवाळीत म्हशीनं पाय दिला," तो म्हणला. "म्या सगळ्यांना वात सांगितलाय. अजून पायताण घातलं की कळ येती."

"अन् मला नाही सांगितलं?" डॉक्टरसाब गरजले. मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं, आन् कोटाची बाही वर सारली. उजवं कोपर सरळच होईना. "बकरी," ते लाजून म्हणले. "तीन साल हुए. घोड्यावरनं पडलो म्हणून सांगतो म्या."

अगं बाई! तिघं मिळून सगळ्या तालुक्याची ढोरं बरी करणारे, आन् तिघांच्या अंगात एक धड हाड न्हाय! म्या म्हणलं बी तसं, मोठ्यानं. माणसं परत हसली. पण इतकी वर्षं शेजारी शेजारी उभं राहून काम केलं, आन् एकानं बी दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

मग धन्यानं बाकावरनंच सगळं करवून घेतलं. पुढचा पाय उचलून बांधा म्हणजे मागचा झाडता येत न्हाय. डोळ्यावर फडकं टाका. कोंडाबाई, तू त्याच्याशी बोलत राहा. महांतप्पानं घाम पुसत पुसत सगळी जखम धुतली, एकएक किडा काढला. धनी जागचे उठले न्हायत. दोनदा उठायला झाले, पण उठले न्हायत.

घरी येताना म्या पुढं, ते मागं. चिंचंपाशी त्यांची चाल ऐकू येईना म्हणून म्या वळून बघितलं. ते झाडाला हात लावून उभे होते.

"अगं ए," ते म्हणले. "दुखतंय गं."

म्या चार पावलं माघारी आले.

"शनवारपासनं दुखतंय. श्वास घेतला की दुखतंय. निजलो की वाटतं, सकाळ बघतोय का न्हाय. लई भ्यालोय म्या."

अठरा वर्षांत पहिल्यांदा. म्या रस्त्यातच रडाय लागले. येणारी जाणारी माणसं बघत होती, बघू देत म्हणलं. पदरानं नाक पुसलं आन् म्हणलं, "उद्या सकाळी बंडप्पाला गाडी जुंपायला सांगते. धाराशिवला जाऊ."

"उद्या कशाला?" धनी म्हणले. "आत्ताच सांग."