बठ्ठं काम

पुण्याचे कानिटकर गळ्यात स्टॉपवॉच अडकवून अतिदक्षता विभागात स्टुलावर येऊन बसले आणि भिकुबाईच्या जिवाचं चैन गेलं. कोण कुठल्या कामाला किती वेळ घालवतं ते हा माणूस मोजणार, आणि त्यावरून दोन रोजंदारी आयांपैकी एकच कायम होणार, असं मेट्रननं सांगितलं होतं. ब्याण्णव साली धुळ्यात इस्पितळातली कायम नोकरी म्हणजे काय, ते रोजंदारीवर उमेदीची वर्षं काढणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरी आया लताबाई, भुसावळकडची, बोलायला गोड. ती कानिटकरांना चहा नेऊन द्यायची, तेव्हा भिकुबाई हातातलं काम सोडून बघत राहायची. कान भरत असणार, दुसरं काय!

मग एका सकाळी मेट्रन म्हणाली, "भिकुबाई, तुझं सगळं बैठं काम आहे म्हणे. साहेब सांगत होते."

झालं. बेडपॅन काढून, चादरी बदलून कंबरडं मोडायचं, आणि हे बैठं? आता तर लताबाईनंच कान भरले, यात शंकाच उरली नाही. भिकुबाई तरातरा कानिटकरांकडे गेली.

"साहेब, ती लताबाई स्टोअरमा झोपस."

हे सपशेल खोटं होतं.

"बघतो," कानिटकर म्हणाले. "पण तुमचं काम बैठं आहे, हे तुम्हीच सांगितलंत ना मला?"

"मी? मी सांगं, आठलं बठ्ठं काम मीच करस."

"तेच की. बैठं."

सलाईन लावणारी सिस्टर खुदकन हसली. "अहो साहेब, आठलं बठ्ठं म्हणजे इथलं सगळं. अहिराणी आहे ती."

कानिटकर ओशाळले. "दुरुस्त करतो. म्हणजे सगळं काम तुमचं, आणि त्या झोपतात. बरोबर?"

समोर लताबाई पलंगावरच्या पेशंटला, झुलालआबांना, कुशीवर वळवू पाहत होती. रोज दोघी मिळून वळवायच्या. एकटीला झेपेना, तशी तिनं नेहमीसारखं भिकुबाईकडे पाहिलं.

नुसती मान हलवायची होती. पण भिकुबाईला स्वतःचीच लाज वाटली.

"झोपस ते खोटं शे, साहेब."

"आणि सगळं काम तुम्ही करता, ते?"

"ते बी," म्हणत ती पलंगाच्या पलीकडे गेली आणि आबांच्या पाठीखाली हात घातला.

महिन्याभरानं ऑर्डर आली ती लताबाईच्या नावाची.