ताणावरचा गडी

सौसरची प्रतिभा संत्र्याच्या बगीच्यात शिरली का झाडं सावध उभी राहत. बोरगावात एकदा तिनं कुंपणाबाहेरूनच एका झाडाकडं पाहिलं अन सांगितलं, अकराशे बेचाळीस फळं. मालकानं तोडून मोजली तं अकराशे एकेचाळीस निघाली. मालक हसाले लागला. प्रतिभा हसली नाही. तिनं नुसतं राखणदाराकडं पाहिलं, तं त्यानं गुमान खिशातून एक संत्रं काढून टोपल्यात टाकलं. खोटं वाटत असन तं बोरगावात जाऊन इचारा. राखणदार मेला आता, पण टोपलं असन.

तिचा नवरा गजानन फळं झाडावर असतानाच अख्खे बगीचे इकत घ्याचा, पण कोणता घ्याचा अन कोणत्याले रामराम करून परत फिराचं, हे ठरवाची प्रतिभा. एवढी खमकी बाई, पण तिच्या मनात सहा वर्षांपासून एक काटा रुतून होता. तो काटा म्हणजे एक केक.

झालं असं, का पांढुर्ण्याले तिचा धाकटा भाऊ भूपेंद्र राहते, हार्डवेअरचं दुकान हाये त्याचं. त्याले पहिला पोरगा झाला तवा प्रतिभा बारशाले गेली. आत्यानं लेकराच्या कानात नाव सांगाचं अन बाकीच्या बायायनं तिच्या पाठीत धपाटे घालाचे, अशी आपली रीत. प्रतिभानं महिनाभर एक नाव मनातल्या मनात घोटलं होतं. दारातून आत पाहते तं टेबलावर केक, अन केकवर क्रीमनं भलतंच नाव लिहून ठेवलेलं. मोबाइलवर तं ते आठ दिवस आधीच गावभर फिरलं होतं. तिनं ते केकवरचं नाव कानात वाचून दाखवलं, धपाटे खाल्ले, अन सौसरपर्यंत बसमधी कोणाशी एक शब्द बोलली नाही.

यंदा भूपेंद्रची बायको पूनम पुन्हा दिवसात होती. जानेवारीची तारीख होती. राखीले प्रतिभा पांढुर्ण्याले आली, भावाले ओवाळलं, अन त्यानं साडीची पिशवी पुढं केली तशी तिनं ती बाजूले सारली.

"साडी नको मले. यंदा नाव मी ठेवीन."

भूपेंद्र कान खाजवाले लागला. नाव त्यानं ठरवूनच टाकलं होतं. विलायतेत एक फुटबॉलवाला होता, ताडासारखा उंच, भूपेंद्रचा जीव त्याच्यावर. त्याचंच नाव पोराले द्याचं होतं. त्यानं ते म्हणून दाखवलं. प्रतिभानं दोनदा म्हणून पाहिलं, मग पदर नाकाले लावला.

"हे नाव हाये का शिंक हाये?"

आता भूपेंद्रले सरळ नाही म्हणता येईना अन हो म्हणाची तं इच्छा नाही. मग त्यानं पोट्ट्यावाणी डोकं चालवलं. तो अन त्याचे दोस्त-भाऊ असे आठ जणं दरसाल मोबाइलवर फुटबॉलची टीम खेळत. टीम कागदावरची, पण तिच्यातले खेळाडू खरे. ते तिकडं खरोखर गोल मारत, अन गुण इकडं पांढुर्ण्यात पडत. एक खेळाडू एकाच्याच टीममधी, दुसऱ्याले भेटत नाही, म्हणून सुरुवातीले पाळीपाळीनं निवड होय. तीन वर्षं झाली, भूपेंद्रच पहिला. यंदा आठातल्या एकाची बदली झाली होती, जागा रिकामी होती.

तो म्हणाला का ताई, तू ये लीगमधी, अन डिसेंबर संपताना माह्या वर असली तं नाव तुहं. त्याले वाटलं बाई हसून साडी उचलीन. प्रतिभानं पूनमले हाक मारली, साक्षीदार म्हणून समोर बसवलं, अन म्हणाली, निवड कधी हाये ते सांग.

निवड दुसऱ्याच दिवशी होती, रविवारी. चुलतभाऊ केतन नागपूरवरून लॅपटॉप घेऊन आला. लीगचे सारे नियम त्याच्याजवळ. पातेल्यात चिठ्ठ्या टाकल्या. भूपेंद्रले पहिली पाळी आली, प्रतिभाले आठवी. पण तिफण कशी वावराच्या धुऱ्यापर्यंत जाते अन तिथूनच वळून परत येते, तशी ही पाळी वळे. म्हणून शेवटच्याले एकदम दोन खेळाडू उचलाले भेटत. प्रतिभाची पोरगी मानसी मोबाइल घेऊन मायजवळ बसली. ती या खेळातलं सारं जाणे.

भूपेंद्रनं पहिल्याच हाकेले आपला तो ताडासारखा घेतला. बाकीचे एकेक नामी गडी उचलत गेले. प्रतिभाची पाळी आली तं तिनं नाव सांगाच्या ऐवजी सवाल केला.

"यायच्यातला उन्हाळ्यात कोण कोण खेळला?"

केतननं सांगितलं का ताई, उन्हाळ्यात एक मोठी स्पर्धा झाली, बहुतेक सारे चांगले खेळाडू तिथंच होते. प्रतिभा म्हणाली, मग मले ते सांग जे घरी बसून होते. ज्याचा पाय दुखला, ज्याले कोणी बोलावलंच नाही, ज्यानं नुसता आराम केला.

केतन म्हणाला, ताई, लंगडे घेऊन काय करशीन?

"आंबिया बहार घेतला अन त्याच झाडावर मृग बहारही घेतला, तं तिसऱ्या साली तिथं सरपण भेटते," ती म्हणाली. "झाडाले ताण द्या लागते गा. पाणी तोडा लागते. पानं मलूल होतात, गळतात, नवखा माणूस म्हणते झाड मेलं. तेच झाड मंग फुलानं पांढरं होते. मले ताणावरचे गडी पाहिजेत."

मानसीनं शोधून शोधून पंधरा काढले. त्यायची नावं प्रतिभाच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिनं एका बैठकीत पंधराही जणायचं बारसं उरकलं. पायानं अधू झालेला तो मुंशी, बारीक तो सुतळी, टकला गोलकीपर तो पितळी डबा. जाताजाता भूपेंद्रच्या ताडालेही एक नाव देऊन टाकलं, टॉवर.

दुसऱ्या दिवशी केतननं आठही टीमा तपासून ग्रुपवर मार्क टाकले. भूपेंद्रले शंभरातून ब्याण्णव, अन खाली शेरा का पहिल्या हाकेपासून शेवटच्यापर्यंत एक गडी वाया नाही. प्रतिभाले एकतीस. शेरा होता, ही टीम नाही, सरकारी दवाखान्याचा वॉर्ड हाये. मग साऱ्यायले तोंड फुटलं. कोणी इचारलं सलाइन कोण लावन, कोणी म्हणे डबा पोचवाले सौसरची बस धरा. नाव ठेवाले निघालेल्या बाईले सात जणायनं पोटभर नावं ठेवली. प्रतिभानं सारं वाचलं अन मानसीले सांगितलं, एकालेही उत्तर देजो नको.

सप्टेंबर गेला. प्रतिभा आठवी. ऑक्टोबर अर्धा गेला तरी आठवी. मुंशी बाकावरून उठेना, सुतळी दर मॅचले पंधरा मिनिटं धावे अन बसे. भूपेंद्र तिच्याहून ऐंशी गुणांनी पुढं होता. गजाननही एक दिवस हळूच बोलला का हा सौदा फसला वाटते. ती भाकरी थापत होती. म्हणाली, अजून थंडी पडाची हाये.

अन दिवाळीनंतर भूपेंद्रच्या बगीच्यात फळगळ सुरू झाली. उन्हाळाभर खेळलेले त्याचे गडी एकामागं एक पाय धरून बसाले लागले. एकाचा गुडघा, दुसऱ्याची मांडी, तिसरा मैदानावर असूनही नसल्यासारखा. त्यातच टॉवरच्या मांडीचा स्नायू फाटला. डॉक्टरनं सहा हप्ते सांगितले. भूपेंद्रजवळ त्या हप्त्याले अकरा धड गडी उरेनात. राखीव जागाही लंगड्यायनीच भरलेली. कोणाले तरी काढून नवा घेणं भाग होतं, अन आघाडी हातात होती, म्हणून त्यानं शांतपणे टॉवरले सोडून दिलं.

सोडलेला गडी दोन दिवस खुल्यात राहते, अन त्याच्यावर पहिला हक्क सगळ्यात खालच्या टीमचा. सगळ्यात खाली होती प्रतिभा.

मानसीनं बातमी सांगितली तवा ती फळायच्या पेट्यांपाशी उभी होती. तिनं हातातलं संत्रं खाली ठेवलं अन पहिले भूपेंद्रले फोन लावला.

"ज्याचं नाव पोराले देऊन राहिला, त्यालेच घराबाहेर काढलं काय रे?"

भूपेंद्र हसला, म्हणाला ताई, भावनेनं लीग जिंकत नसतात, तुले पाहिजे तं घे ते मेलेलं झाड. पण फोन स्पीकरवर होता अन पूनम बाजूलेच मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर न करता इचारलं, "उद्या आपलं लेकरू लंगडलं तं तुमी त्यालेही सोडून देसान का?" मग भूपेंद्रले दुकानात गिऱ्हाईक आल्याचं आठवलं. त्या दिवशी दुकान बंद होतं.

प्रतिभानं टॉवर घेतला, अन त्याच्यासाठी एक चालता गडी सोडला. केतननं तिच्या टीमचे मार्क आणखी पाच कमी केले.

नोव्हेंबरात सुतळी धावाले लागला. मुंशी उठला, अन उठला तो असा का दर मॅचले कोणाले तरी गोल करून द्याचा. पितळी डब्यात तं चेंडू शिरेचना. प्रतिभा आठवीची सहावी झाली, सहावीची चौथी. डिसेंबर लागला अन टॉवर मैदानात परत आला. पण पहिल्या मॅचले शेवटची दहा मिनिटं, दुसऱ्या मॅचले बारा. गोल नाही, काही नाही. तिसऱ्या मॅचले त्याच्या पायातून चेंडू अशा तऱ्हेनं निसटला का भूपेंद्रनं त्याचा व्हिडिओ ग्रुपवर चारदा टाकला.

मानसी मायच्या मागं लागली. आता वीसच दिवस राहिले, एक चांगला गडी खुल्यात हाये, टॉवरले काढ अन त्याले घे, नाही तं हातचं जाईन. तिनं कागदावर मांडून दाखवलं. पोरगी चूक नव्हती. प्रतिभानं कागद नीट वाचला, घडी केली. त्या रात्री तो कागद उशाशी ठेवला. ताण जास्त झाला का झाड खरंच मरते, हेही तिले ठाऊक होतं. मोहगावात तिच्या डोळ्यादेखत एक अख्खी ओळ मेली होती. सकाळी तिनं मानसीले टॉवरचे तीनही व्हिडिओ लावाले सांगितले, अन चेंडूकडं न पाहता नुसती मांडी पाहिली. झाड वाळलं का जिवंत, हे ती नखानं साल खरवडून पाहे. इथं नख चालत नव्हतं, डोळेच लावले.

"तो पाय भीत नाही आता," ती म्हणाली. "चेंडू निसटला कारण धाव जास्त हाये. पाणी सोडल्याबरोबर फूल येते काय? ठेव त्याले."

पुढच्या मॅचले टॉवरनं एक गोल मारला. त्याच्या पुढच्याले दोन. लोक सांगतात, त्याचा तिसरा गोल इतक्या जोरानं गेला का पांढुर्ण्याच्या स्टेशनावर मालगाडी थांबून राहिली, लाल सिग्नल लागला समजून.

डिसेंबरचा शेवटचा रविवार आला. त्याच दिवशी पूनमचं डोहाळजेवण होतं, म्हणून सौसरचं सारं घर पांढुर्ण्यात. पूनम हिरव्या साडीत, फुलायचे दागिने घालून पाटावर. दुपारी ओटी भरली, बायायनं गाणी म्हटली. संध्याकाळी पाहुण्या गेल्या अन घरचे लोक टीव्हीपुढं आले. हिशेब सोपा होता. भूपेंद्र दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा केतनले इचारून राहिला होता, पण केतन तेच सांगे: भूपेंद्रचे सारे गडी खेळून झाले, तो सात गुणांनी पुढं. प्रतिभाचा एकच गडी बाकी, टॉवर, साडेसातच्या मॅचले. मैदानावर टिकला तं दोन गुण, एका गोलाचे चार. दोन गोल पाहिजेत. एकानं भागत नाही.

भूपेंद्रची दशा पाहासारखी होती. ज्याच्या गोलावर तो दहा वर्षं नाचला, त्याच्याच पायात काटा मोडो म्हणून देवाले इनवून राहिला होता. विसाव्या मिनिटाले टॉवरनं डोक्यानं पहिला गोल केला, तं भूपेंद्र सवयीनं अर्धा उठला, अन मग तसाच खाली बसला. उत्तरार्धात एक चेंडू खांबाले लागून परत आला. एक गोलकीपरनं काढला. ऐंशी मिनिटं झाली. गजानननं बाहेर जाऊन गाडी पुसाले घेतली, त्याले सहन होईना. मानसीनं मायचा हात धरला होता.

शहाऐंशीव्या मिनिटाले टॉवरच्या जोडीदारानं डावीकडून चेंडू दिला, अन टॉवरनं पाय लांब केला. बस, एवढंच. फार काही जोर नव्हता त्या गोलात. गोलकीपर चुकीच्या बाजूले पडला अन चेंडू म्हाताऱ्यावाणी हळूहळू आत गेला.

मानसी ओरडली. पूनमनं बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. केतननं लॅपटॉपवर दोनदा बेरीज केली, मग खाकरून सांगितलं का ताई तीन गुणांनी वर हाये, अन ऑगस्टमधले मार्क त्यानं मागं घेतले. कोणी मागितले नव्हते.

भूपेंद्रनं टीव्ही बंद केला. मग उठून बहिणीजवळ आला अन खाली सतरंजीवर बसला, लहानपणी बसे तसा. म्हणाला, हारलो. घरची झाडं होती आपली, बाबा ताण द्याचे तवा मीच मोटारीचं बटण बंद कराचो, अन मलेच समजलं नाही. प्रतिभा म्हणाली, बटण बंद कराले काय, कोणीही करते. ते बंद ठेवता आलं पाहिजे.

"बरं, आता सांग तं खरं," तो म्हणाला. "नाव काय ठेवून राहिली?"

"कानात सांगीन."

भूपेंद्रनं कान पुढं केला. प्रतिभानं तो दोन बोटांत धरून चांगला पिळला.

"तुह्या नाही."

पूनम पाटावरून म्हणाली, ताई, मले तरी सांगा. प्रतिभानं तिच्याकडं मायेनं पाहिलं अन मान हलवली. "तुले सांगितलं तं तू रातच्याले याले सांगशीन. अन याच्या पोटात राहिलं असतं तं सहा वर्षांपहिले मी बसमधी मुकी बसली असती काय?"

मग ती उठली, पदर खोचला, अन बारशाले कोणाकोणाले बोलवाचं ते केतनले लॅपटॉपवर लिहाले सांगितलं. पाठीत धपाटे घालाले किती बाया लागतील ते तिनंच ठरवलं. सव्वीस. कमी नको, म्हणाली, मागचे केकच्या नावावर गेले, तेही बाकी हायेत.