बाळंतपणाच्या खोलीपुरतं डॅनिश

काकू डॅनिश शिकणार म्हटल्यावर त्यांच्या नवऱ्याला, आप्पांना, हसू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज पंगतीच्या पंगती उठवणारी ही बाई, शाळेशी तिचं सूत कधी जमलंच नाही, आणि आता म्हणे परदेशी व्याकरण. "साठी बुद्धी नाठी," आप्पा सोफ्याच्या कापडावर खडूची रेघ ओढत पुटपुटले. उभा जन्म सोफ्यांना कापड चढवण्यात गेलेला माणूस, दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची सवय जात नाही.

पण वेळच तशी आली होती. सून डॅनिश. या घरात आल्यावर ती इथली भाषा शिकली, भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकी शिकली. आता तिचे दिवस भरत आले होते. मुलगा जहाजावर इंजिनिअर, ते जहाज वेळेत बंदराला लागायची चिन्हं नव्हती. तिच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणजे तिचं येणंही खुंटलं. त्यात तपासणीच्या वेळी सिस्टर सांगून बसली की कळा सुरू झाल्या की उसनी भाषा आधी पळते. आत एकालाच सोडतात, तेव्हा हिचं बोलणं कळेल असं कुणीतरी आणा. सून घरी आली आणि ओट्याला टेकून रडली. मी काय म्हणते ते तिथं कुणालाच कळणार नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

काकूंनी गॅस बंद केला. "मला कळेल," त्या म्हणाल्या. "शिकव."

सुनेनं पुस्तकात असतं तसं शिकवायला घेतलं. आधी 'एक दार', 'एक दिवा', आणि मग शब्दाला शेपूट जोडून 'ते दार', 'तो दिवा'. दार म्हणजे डोर, ते ठरावीक दार म्हणजे डोरेन. पाणी वान, ते पाणी वानेद. कुणाला 'एन' लागतं, कुणाला 'एद', त्याला धरबंध नाही, पाठच करायचं. आप्पांनी मध्येच विचारलं की असं का. काकूंनी त्यांना गप्प केलं. आपली खुर्ची 'ती' का आणि स्टूल 'ते' का, हे तुम्ही कधी आईला विचारलं होतं का, म्हणाल्या.

काकूंची स्वयंपाकाची एक रीत होती. आधी सगळं ओट्यावर मांडायचं, मगच गॅस पेटवायचा. तीच रीत त्यांनी इथं लावली. त्या सरळ दवाखान्यात गेल्या, सिस्टरच्या हातापाया पडून ती खोली बघून आल्या. पलंग, उशी, दिवा, दार, पाण्याचा जग, सगळ्याला हात लावून आल्या. दुसऱ्या दिवशी सुनेनं पुस्तक उघडलं तर यांनी ते मिटलं.

"मला एखादं दार नको. त्या खोलीत दार एकच आहे. मला तेच दे."

मग घरात शेपटीवाले शब्दच घुमू लागले. कणिक मळताना लूसेद, म्हणजे तो दिवा. कपडे वाळत घालताना हौनेन, म्हणजे तो हात. चुकलं की काकू स्वतःच्याच कपाळावर मारून घेत आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणत. आप्पांचं हसणं कधी थांबलं ते त्यांनाही कळलं नाही. ही बाई ग्रेट आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि इतक्या वर्षांत हे तिला एकदाही सांगितलं नाही याची लाजही वाटली.

एके दिवशी दुपारी जेवणं उरकली आणि कळा सुरू झाल्या. काकू आत गेल्या, आप्पा बाहेरच्या बाकावर बसले. दार किलकिलं होतं. सिस्टर म्हणाली होती तसंच झालं, थोड्याच वेळात सुनेच्या तोंडी नुसतं डॅनिश. "लूसेद," ती कण्हली आणि खटकन दिवा बंद झाल्याचा आवाज आला. "वानेद," आणि जग खणखणला. आप्पांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं की आत आमची बायको आहे.

पण कळा वाढल्या तसं सुनेचं बोलणंही वाढलं. एकेक शब्द कुठला, लांबच लांब वाक्यं, रडत, धापा टाकत. काकूंच्या पदरी मूठभर शब्द. त्यांनी हौनेन म्हणून पाहिलं, उशीचा शब्द म्हणून पाहिला, एकही लागू पडेना. मग त्यांचे शब्दच संपले. बाहेर आप्पा बाकावरून उठले. एवढी मेहनत करून शेवटी पोर एकटी ती एकटीच.

तेवढ्यात सून किंचाळली, "मोअ!"

आप्पांना डॅनिशचा गंध नव्हता, पण ही हाक कुठल्याही भाषेत कळली असती. ती आईला बोलावत होती. खुबा धरून दूर देशात पडून राहिलेल्या आपल्या आईला. ती हाक काकूंसाठी नव्हती, आणि हे काकूंना कळत नसेल असं नाही.



"ओ," काकू म्हणाल्या. "आहे गं बाळा. इथंच आहे."

सुनेनं पुन्हा हाक मारली. काकूंनी पुन्हा ओ दिली.