नव्हे

"छापलेलं खोटं असतं का हो, पाळकसाहेब?" ताई म्हणाली. उशीवरून मान उचलण्याची ताकद तिच्यात राहिली नव्हती, पण वाद घालण्याची होती. "तुम्ही बोलता ते हवेत जातं. हे भिंतीवर आहे. एकतीस वर्षं आहे."

पाळक तरुण होते. आमच्या चर्चच्या मंडळीत येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. ते उठून भिंतीपाशी गेले आणि चौकटीत लावलेलं पत्रक वाचू लागले. खिडकीचा पडदा नीटच होता, तो मी उगाच पुन्हा सारखा केला.

"माणसाचे तारण त्याच्या कृत्यांनी," त्यांनी मोठ्याने वाचलं. "देवाच्या कृपेने ते मिळते." मग ते थांबले आणि पुन्हा मनात वाचलं. "आजी, हे वाक्य जरा विचित्रच आहे. छपाईत काही राहिलंय का?"

ताई हसली. "ते जुळवणारा जुळारी इथंच उभा आहे. माझा धाकटा भाऊ. चाळीस वर्षं खिळे जुळवले त्यानं. विचारा त्याला, एक मात्रा तरी कधी गळली का त्याच्या हातून."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. ताईच्या नजरेत जो अभिमान होता, तो मला सोसवेना.

"दूध तापवायचं राहिलंय," असं म्हणून मी स्वयंपाकघरात सटकलो.

माझा धंदा आता मोडीत निघाला आहे, म्हणून सांगावं लागतं. शिशाच्या एकेका खिळ्यावर एकेक अक्षर, तेही उलटं. खणांतून ते वेचायचे, ओळीत लावायचे, ओळी आवळून बांधायच्या आणि छापायला द्यायच्या. जन्मभर उलटं वाचल्यामुळे समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्र मी पलीकडून सहज वाचतो. गल्लीतली पोरं मला उलटेकाका म्हणतात. त्यांना वाटतं ही गंमत आहे.

त्या पत्रकाच्या पाच हजार प्रती काढायच्या होत्या. ओळ अशी होती: माणसाचे तारण त्याच्या कृत्यांनी नव्हे. पुढे कृपेचं वाक्य. तपासणी झाली, सगळं बरोबर निघालं, आणि यंत्रावर चढवताना ती एक ओळ सुटली. मी ती घाईघाईने पुन्हा लावली. कोणाला दाखवली नाही. एवढ्याशा ओळीसाठी कोण पुन्हा तपासणी करतं?

दुपारी शाईसुद्धा न वाळलेली पहिली प्रत घेऊन मी ताईकडे धावलो. तिची चार वर्षांची मुलगी जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. ताई एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. मुलगी तिथेच तिच्या आसपास खेळायची. एका दुपारी चादरींच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्या ताईचा पाच मिनिटं डोळा लागला. जागी झाली तेव्हा मुलगी हौदात होती.

त्या दोन महिन्यांत ताई कोणाशी बोलली नव्हती. मला म्हणायचं होतं, ताई, हे तुला भरून काढता येणार नाही आणि देव ते तुझ्याकडे मागतही नाही. पण असलं बोलायला मला कधी जमलं नाही. म्हणून पत्रक तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि उठून पदर खोचला. "काम करते," म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, कृपा म्हणतात ती हीच.

संध्याकाळी टेबल आवरताना कडेला दोन खिळे सापडले. न आणि व्हे.

पाच हजार प्रती तोवर गठ्ठे बांधून गेल्या होत्या. मी ते दोन्ही खिळे आपापल्या खणात टाकले आणि मूग गिळून बसलो. पुढे सगळी नोकरी मी त्या खणाला भीत केली. 'न'चा कुठलाही खिळा उचलला की वाटे, हाच तो. रात्री अंथरुणावर पडलो की मनातल्या मनात वाक्य म्हणायचो आणि शेवटी जिथे तो शब्द असायला हवा, तिथे श्वास अडकायचा.

चूक कोणाच्याच नजरेस आली नाही, याचं मला बरीच वर्षं नवल वाटत होतं. मग कळलं. माणसाला मुळात तसंच वाटत असतं. चांगलं वागा, मग देव कृपा करील. पत्रकात गळलेलं लोकांच्या मनातही गळलेलंच होतं.

मी काय केलं? सुट्टीच्या दिवशी घरोघर जाऊन ती पत्रकं परत मागू लागलो. जुना कागद जमवतो म्हणायचो. तीनशेच्या आत-बाहेर मिळाली. म्हणजे कृत्यांनी काही होत नाही हे सांगणारं पत्रक मी चुकवलं, आणि ती चूक कृत्यांनी पुसायला निघालो. शहाणा माणूस!

ताईच्या भिंतीवरचं मात्र कधी मागितलं नाही. तिने एकतीस वर्षं दवाखान्याच्या चादरी धुतल्या. रोजचं काम सुटल्यावर गल्लीतल्या आजाऱ्यांचं करायची, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, ज्यांना कोणी शिवत नाही त्यांची गादी बदलायची. दुपारी कधी पाठ टेकली नाही. सगळे तिला देवमाणूस म्हणत. माझी बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा अकरा महिने ताईनेच तिचं सगळं केलं. त्या अकरा महिन्यांत रोज ती दारातून आत यायची आणि रोज मी गप्प राहायचो. पूर्वी भीतीने गप्प होतो. तेव्हा मुद्दाम गप्प राहिलो.

दूध उतू गेलं. बाहेर पाळकांचा आवाज येत होता. प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराची गोष्ट ते सांगत होते.

"त्याच्याजवळ वेळ नव्हता, आजी. कोणाचं चोरलेलं परत द्यायला जाता येत नव्हतं. हातपाय खिळलेले. त्यानं एवढंच म्हटलं, माझी आठवण ठेव. आणि त्याच दिवशी त्याला जागा मिळाली."

"मग चांगलं करायचंच नाही का माणसानं?"

"करायचं की. पण झाड जिवंत असतं म्हणून फळ धरतं. बाहेरून फळं बांधून झाड जगत नाही."

"गोड बोलता तुम्ही," ताई म्हणाली. "पण मला एवढंच सांगा, माझं पुरेसं झालं का?"

पाळक काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. निघताना दाराशी ते मला हळूच म्हणाले, "काका, त्या फार घाबरल्यात. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील." त्या वाक्यात काय राहिलंय ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना समजलं असावं.

मी आत येऊन तिच्या पायाशी उभा राहिलो.

"ताई, ती ओळ चुकलीय."

"कुठली?"

"भिंतीवरची. शेवटी नव्हे होतं. कृत्यांनी नव्हे. माझ्याकडून पडलं."

तिने भिंतीकडे पाहिलं. ओठ हलले. ती तो शब्द घालून वाचत होती.

"तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

तिने ओरडावं, हाताला लागेल ते फेकून मारावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"आणि तुझ्या बायकोचं करायला येत होते, तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं. सांगितलं तर तू यायची थांबशील, म्हणून सांगितलं नाही."

"वेडा आहेस," ती म्हणाली. "तिच्याकडे मी तिच्यासाठी येत होते." मग आवाज बदलला. "चादरींचं वेगळं होतं. एकेक चादर पिळताना वाटायचं, पोर जराशी वर आली. आणखी एक पिळली की आणखी जराशी. कडेपर्यंत येईल, मग मी हात देईन. एकतीस वर्षं वाटत होतं रे. अजून पाण्यातच आहे ती."

"तुला काही करायचं नाही, ताई. जे करायचं ते झालंय, दुसऱ्यानं केलंय. तसंच छापायचं होतं."

"फुकट नको मला!" ती एकदम म्हणाली. "फुकट घेतलं तर तिला काय तोंड दाखवू?"

मी तिचे पाय धरले. बर्फासारखे गार होते.

"मला माफ कर. मी काय करू सांग. उरलेली पत्रकं शोधतो, सगळ्या मंडळीसमोर उभा राहून सांगतो..."

"केलं."

"काय?"

"माफ केलं म्हटलं ना."

"असं कसं? एकतीस वर्षं, ताई..."

"मग तू काय करणार आहेस त्याला? माझी एकतीस वर्षं कुठून आणून देणार आहेस? तुझ्याच्यानं व्हायचं असतं तर थांबले असते. व्हायचं नाही, म्हणून..."

ती मध्येच थांबली. लहानपणी माझ्यावर खेकसायची तशीच खेकसत होती, आणि मध्येच थांबली. छताकडे बघत राहिली.

"असं असतं होय?" ती म्हणाली. मला नाही.

ते तिने स्वतःसाठी घेतलं की नाही, मला ठाऊक नाही. त्यानंतर ती चार दिवस होती. एकदा तापात तिने विचारलं, हौदावर झाकण घातलंय ना. मी घातलंय म्हटलं. तो विषय मात्र तिने पुन्हा काढला नाही, आणि मलाही धीर झाला नाही. अजूनही संध्याकाळी दार लोटून घेतलं की मी तिच्या त्या तीन शब्दांचा विचार करतो. ते प्रश्न होते की उत्तर?

त्या दुपारी मी डोळे पुसले आणि उतू गेलेल्या दुधाचं भांडं घासायला उठलो.

"राहू दे," ताई म्हणाली.

"करपलंय गं खाली. दोन मिनिटांत घासतो."

"राहू दे म्हटलं ना. काही करू नकोस. बस इथं."

मी स्टुलावर बसलो. हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. त्यांचं काय करायचं ते मला समजेना.