लेफ्टनंट थर्न आणि ते दार

माझी बायको हिलरी हिने 'शेवटची चौकी' या अंतराळ-मालिकेवर स्वतः एक खेळ रचलाय. चित्रं नाहीत, आवाज नाहीत. पडद्यावर ओळी येतात, आपण हुकूम टाइप करायचा, मग पुढच्या ओळी येतात. या कामात तिची अकरा वर्षं गेली. तेवढ्या काळात मी एकट्याने बागेतली शेड बांधली, पण तिचं कुणाला कौतुक नाही.

मालिका बंद पडून चाळीस वर्षं झाली, तरी हडर्सफील्डच्या चर्चच्या हॉलमध्ये तिचे चाहते दर महिन्याला जमतात. मी चहा करतो. गेल्या शनिवारी खास पाहुणे आले, लायनेल पार्जिटर, वय एकोणऐंशी. मालिकेत हेच लेफ्टनंट थर्न होते. दुसऱ्याच भागात थर्न कोठाराचं दार उघडून आत जातो, किंकाळी ऐकू येते आणि तो पुन्हा दिसत नाही.

"खेळा ना साहेब, थर्न होऊन!" हिलरी म्हणाली.

लायनेलनी चष्मा चढवला. पडद्यावर ओळ आली, 'समोर दार आहे. आतून कुणीतरी ठोठावतंय.'

त्यांनी टाइप केलं, 'दार उघडू नको.'

'ठोठावणं चालूच आहे. तुम्हाला फार अवघडल्यासारखं होतं. तुम्ही दार उघडता. तुम्ही मेलात.'

'पळ.'

'तुम्ही पळता. आतून कुणीतरी "माफ करा, एक मिनिट" म्हणतं. तुम्ही थांबता. तुम्ही मेलात.'

नऊ वेळा मेले बिचारे. मी दुसरा चहा आणून दिला, तो त्यांनी बाजूला सारला.

"हिलरीबाई, एकदा तरी वाचवा हो याला. चाळीस वर्षं मी दार उघडणारा बावळट म्हणून फिरतोय. दुकानात शिरलो की लोक ओरडतात, 'उघडू नका!' माझ्या बायकोच्या अंत्यविधीला चर्चच्या दारातसुद्धा एकजण ओरडला." मला फार वाईट वाटलं.

"साहेब, माझ्या हातात असतं तर," हिलरी म्हणाली. "पण आमच्या चाहता-मंडळाचा नियम आहे. मालिकेत नाही ते खेळात नाही." लग्नाला हो म्हणतानासुद्धा ती इतकी ठाम नव्हती.

मी उगीच विचारलं, "मरायचा प्रसंग अवघड गेला असेल ना?"

"कसला प्रसंग? मी दारामागे गेलो तो मागच्या मागे कँटीनमध्ये. जेवणाची सुट्टी झाली होती. ती किंकाळी कपडेपटातल्या डोरीनची. पायावर इस्त्री पडली तिच्या. दिग्दर्शकाला आवडली, म्हणून राहू दिली."

कुणीतरी हळूच विचारलं, "थर्नचं प्रेत कुठल्या भागात दिसतं?"

कुठल्याच नाही. तो भाग लावून सहा वेळा पाहिला. किंकाळी चक्क बाईची होती.

"अरे, मग इतकी वर्षं तुम्हाला कळलं कसं नाही?" मी म्हणालो.

"आम्हाला वाटलं, घाबरल्यावर थर्नचा आवाज बारीक होत असेल," हिलरी कसनुशी म्हणाली.

अध्यक्षांनी मत घेतलं. चौदा जणांनी थर्न जिवंत असल्याचं मान्य केलं, विरोधात कुणी नाही. मी सभासद नाही, तरी किटली वर केली.

"अकरा वर्षं मी जिवंत माणसाला मारतेय," हिलरी पुटपुटली आणि डोळे पुसत टाइप करायला बसली. अर्ध्या तासाने लायनेलना तिने पुन्हा खुर्ची दिली.

त्यांनी टाइप केलं, 'दार उघड.'

'तुम्ही आत जाता. मागे किंकाळी ऐकू येते. डोरीनच्या पायावर इस्त्री पडलीय, बर्फ लावलाय. समोर गरम सॉसेज आणि बटाटे आहेत. तुम्ही जिवंत आहात.'

लायनेलनी ते दोनदा वाचलं. मग टाइप केलं, 'जेव.'

निघताना त्यांचा कोट घेऊन मी हॉलचं दार उघडायला पुढे झालो.

"राहू द्या," ते म्हणाले. "मी उघडतो."

चौदा चाहते मागे उभे होते. एकही ओरडला नाही.